एक आकडा बदलला, कुणाकुणाला कळवायचं?

मुलांनो, आज आधी माझीच एक फजिती सांगते.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. एका वर्षी सत्राच्या शेवटी गुणांचे तक्ते झाले, प्रगतिपुस्तकं लिहून झाली आणि मग माझ्या लक्षात आलं, की एका मुलीच्या गणिताच्या पेपरात एका उदाहरणाचे पाच गुण द्यायचेच राहून गेलेत. संकलितच्या पेपरात तिला ३३ गुण होते, ते ३८ झाले. मी पेपरावर दुरुस्ती केली, तक्त्यातही लाल शाईनं ३८ लिहिले आणि निश्चिंत झाले.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, आकारिकचे ४६ आणि पेपरातले ३८, म्हणजे ८४ होतात ना? मग पुस्तकात ब-१ कसा? अ-२ हवा." मी तक्ता उघडला. तिथे ३८ लिहिलेले! आपलं तर बरोबर आहे, मग चुकलं कुठे? अर्धा तास शोधाशोध केली, तेव्हा उलगडा झाला. तक्ता मी बदलला, पण त्याच्यावरून केलेली बेरीज ७९ च राहिली होती. बेरीज जुनी म्हणून श्रेणी जुनी, आणि श्रेणी जुनी म्हणून प्रगतिपुस्तक जुनं. ती पोर बिचारी दोन दिवस हिरमुसली होती. चूक तिची नव्हती, माझी होती.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? गंमत अशी की, अगदी हीच चूक मोठमोठे संगणकतज्ज्ञसुद्धा करत होते! तुम्ही संगणकावर जे खेळ खेळता ना, ते तयार करतानाही हाच घोटाळा होतो. तो कसा होतो आणि कसा टाळतात, तेच आज पाहू.

खेळाच्या पोटात

१९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीचा 'डूम' नावाचा खेळ बाहेर आला. खेळ मारामारीचा आहे, मोठ्यांसाठीचा आहे. तेव्हा पालकांनी दचकू नये, मी तो खेळायला सांगत नाहीये! आपल्याला फक्त त्याच्या पोटात डोकावायचंय. तशी सोय आहे, कारण १९९७ च्या डिसेंबरमध्ये या खेळाचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यानं खेळाची मूळ लिखाणं सर्वांना पाहायला खुली केली.

हा खेळ 'सी' नावाच्या संगणकी भाषेत लिहिलाय. पण एकाच लांबलचक फाइलीत नाही, बरं का! साठाच्या आसपास मुख्य फाइली आहेत. एक दारं उघडण्याची, एक आवाजाची, एक नकाशाची, अशी कामं वाटून दिलेली.

माणसानं लिहिलेलं हे लिखाण यंत्राला थेट कळत नाही. ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात 'कंपायलर'. शिंपी कसा बाह्या, कॉलर, खिसा वेगवेगळे बेततो आणि मग जोडतो, तसा कंपायलर प्रत्येक फाइलीचा वेगळा तुकडा तयार करतो. त्या तुकड्याला 'ऑब्जेक्ट फाइल' म्हणतात. सगळे तुकडे तयार झाले, की 'लिंकर' नावाचा दुसरा प्रोग्राम ते जोडून देतो. झाला खेळ तयार!

वेगवेगळे तुकडे कशाला? कारण उद्या खिसा बदलायचा ठरला, तर अख्खा सदरा उसवायला नको. तेवढा खिसा नवा शिवायचा, पुन्हा जोडायचा.

सर्वांचा एक फळा

पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागतात. खेळाडूची तब्येत पूर्ण असते म्हणजे किती? डूममध्ये ती १०० धरलीय. हा आकडा प्रत्येक फाइलीत वेगळा लिहिला, तर बदलताना केवढी धावपळ होईल! म्हणून तो एकाच ठिकाणी, 'पी_लोकल.एच' नावाच्या फाइलीत लिहिलाय. अशा फाइलीला 'हेडर फाइल' म्हणतात. शाळेच्या व्हरांड्यातला सूचनांचा फळाच म्हणा ना! ज्या फाइलीला तो आकडा हवा, तिच्या सुरुवातीला एक ओळ लिहायची. त्या ओळीचा अर्थ असा, की 'आधी अमुक फळा वाच, मग पुढे जा.'

हे फळेसुद्धा एकमेकांवर अवलंबून असतात. डूममध्ये खेळाडूची माहिती असलेली 'डी_प्लेयर.एच' ही फाइल 'पी_मॉबजे.एच' वाचायला सांगते, आणि 'पी_मॉबजे.एच' पुढे 'इन्फो.एच' वाचायला सांगते. म्हणजे 'इन्फो.एच'मध्ये काही बदललं, तर तिचं नावही न घेणाऱ्या फाइलीला ते कळवावं लागतं! मैत्रिणीच्या मैत्रिणीची मैत्रीण आजारी पडावी आणि आपल्याला रजा घ्यावी लागावी, तसंच हे.

वाया गेलेली सकाळ

आता थोडं मागे, १९७६ सालात जाऊ. अमेरिकेत बेल लॅब्ज ही प्रसिद्ध प्रयोगशाळा होती. तिथे स्टुअर्ट फेल्डमन काम करत. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत त्यांच्या खोलीत आले. त्यांची सगळी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. आणि चूक होती कुठे? कुठेच नाही! ती त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त केलेल्या फाइलीचा नवा तुकडा करायचा राहिला होता. लिखाण नवं, तुकडा जुना. आठवला ना माझा तक्ता?

आदल्याच संध्याकाळी फेल्डमनही असल्याच भानगडीशी झगडत बसले होते. त्यांनी तो आठवडी सुट्टीचा वेळ घेतला आणि 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहून काढला. मेकला एक यादी द्यायची. कुठली वस्तू कशापासून बनते आणि ती बनवायची कशी, एवढंच त्या यादीत असतं. मग मेक प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहतो. मूळ लिखाण तुकड्यापेक्षा नवं असलं, तर तुकडा शिळा! तो नव्यानं करायचा. नसेल, तर हातही लावायचा नाही.

या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. एका सकाळच्या त्राग्यातून केवढं काम उभं राहिलं, पाहा!

यादीत नाव नसेल तर?

आता खरी मेख. मेक हुशार, पण त्याची हुशारी यादीपुरती. यादीत जे नाव नाही, ते मेकला ठाऊकच नाही.

डूमच्या लिखाणाबरोबर मेकसाठीची यादीही मिळते. त्यात एक सुटसुटीत नियम आहे: प्रत्येक तुकडा त्याच्या मुख्य फाइलीपासून बनतो. बस्स! त्या तुकड्यासाठी कोणकोणते फळे वाचले, त्यांची नावं मात्र त्यात नाहीत.

समजा, आपण 'पी_लोकल.एच'मध्ये १०० पुसून १५० लिहिले. मेक चालवला. तो म्हणणार, 'करण्यासारखं काही नाही.' कारण मुख्य फाइली तर जशाच्या तशा आहेत! मग आपण दुसऱ्याच काही कामानं 'जी_गेम.सी' या फाइलीत एक बारीक बदल करतो. आता मेक तेवढाच तुकडा नवा करतो. खेळाडूला नव्या डावात पूर्ण तब्येत देण्याचं काम याच फाइलीत आहे. तिनं फळा नव्यानं वाचला, म्हणून खेळाडू १५० तब्येतीनं उभा राहतो. वा!

खेळता खेळता मार बसतो, तब्येत १२० वर येते. समोर औषधाची पेटी दिसते. खेळाडू तिच्यावरून जातो, पण पेटी उचललीच जात नाही! का बरं? पेटी द्यायची की नाही, हे ठरतं 'पी_इंटर.सी'मध्ये. तिचा तुकडा जुना आहे. त्याच्या हिशेबी १०० म्हणजे पूर्ण तब्येत. १२० वाल्याला औषध कशाला?

आता तुम्ही फाइली उघडून बसा शोधत. फळ्यावर १५०. हिशेब बरोबर. सगळं लिखाण निर्दोष. आणि खेळ मात्र चुकतोय! एकाच खेळात अर्धे लोक नवा नियम पाळतायत, अर्धे जुना. माणसाला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका यायला लागते.

यावर एक साधा उपाय आहे. सगळे जुने तुकडे पुसायचे आणि सारं पहिल्यापासून करायचं. डूमच्या यादीत त्याचीही सोय आहे. साठ फाइलींचं ते काम आजचा संगणक चुटकीसरशी करतो. पण आजच्या मोठ्या खेळांत हजारो फाइली असतात. दर छोट्या बदलाला सगळं नव्यानं करायचं, तर लोक दिवसभर वाटच बघत बसतील.

ज्यानं वाचलं, त्यानंच लिहावं

मग हाताने यादी करायची? कुणीतरी एक नाव लिहायला विसरणारच. मी नाही का विसरले?

खरा उपाय फार सोपा आहे. कोणते फळे वाचले, हे सर्वांत खात्रीनं कुणाला माहीत असतं? कंपायलरला! प्रत्येक फाइल तोच तर उघडून वाचतो. मैत्रिणीची मैत्रीणसुद्धा त्याला भेटलेली असते. मग त्यालाच सांगायचं, 'बाबा रे, तुकडा करतोस तेव्हा कोणकोणत्या फाइली उघडल्यास, त्याची एक चिठ्ठी लिहून ठेव.' जीसीसी नावाच्या मोफत कंपायलरला 'एमएमडी' असा इशारा दिला, की तो हे काम करतो. पुढच्या खेपेला मेक त्या चिठ्ठ्या वाचतो. फळा बदलला, की तो वाचणारे सगळे तुकडे नवे होतात. आमची औषधाची पेटीही मग नीट मिळते!

चौकस मुलं विचारतील, "बाई, पहिल्यांदा चिठ्ठीच नसेल, तेव्हा?" शाबास! पहिल्यांदा तुकडाही नसतो, म्हणून तो करावाच लागतो, आणि करताना चिठ्ठी तयार होते. बरं, फाइलीनं उद्या एखादा नवा फळा वाचायचं ठरवलं तर? तसं सांगणारी ओळ कुठेतरी लिहावीच लागेल. एकतर त्याच फाइलीत, नाहीतर तिच्या चिठ्ठीवर आधीच नाव असलेल्या एखाद्या फळ्यात. म्हणजे बदल झालाच! तुकडा नवा होणार आणि त्याबरोबर चिठ्ठीही नवी होणार.

तुम्हीही करून पाहा

घरात आई-बाबांबरोबर एक खेळ खेळा. शनिवारची शाळा सकाळची झाली, असं समजा. आता कागदावर लिहा: यामुळे काय काय बदलेल? डबा कधी लागेल, गजर किती वाजताचा, रिक्षावाल्या काकांना कोण सांगणार, आजीच्या औषधाची वेळ कोण पाहणार? प्रत्येक गोष्टीपासून पुढच्या गोष्टीकडे बाण काढा. शेवटी मोजा, तुम्हांला पहिल्या झटक्यात किती आठवल्या आणि नंतर किती सापडल्या.

माझ्या टेबलाच्या खणात आता एक पुठ्ठा आहे. त्याच्यावर लिहिलंय: तक्ता, बेरीज, श्रेणी, प्रगतिपुस्तक. मध्ये बाण. एक आकडा जरी बदलला, तरी बाणाच्या टोकापर्यंत जायचं, मगच पेन खाली ठेवायचं.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर नवं प्रगतिपुस्तक दिलं आणि सांगितलं, "चूक माझी होती." तिनं पुस्तक उघडलं, अ-२ पाहिला आणि मला विचारलं, "बाई, मग माझ्या वर्षाच्या निकालातपण बदललंत ना?"

मी पुन्हा तक्ता उघडला. तो बाण काढायचा राहिलाच होता!