चाचांनी अडवून धरलेली गाडी

मोटारीत पाणी तापतं, हे घाटात बॉनेट उघडून वाफ पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तेलही तापतं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. तेल मुकाट्यानं पातळ होतं. पातळ झालं की दाब उतरतो आणि क्रँक व बेअरिंग यांना वेगळं ठेवणारा तेलाचा बारीक पापुद्रा फाटतो. मग धातूवर धातू घासतो. म्हणून काही गाड्यांत रेडिएटरच्या पुढं एक छोटी जाळी बसवलेली असते. तापलेलं तेल तिच्या बारीक नळ्यांतून फिरतं, वारा खातं आणि इंजिनात परततं. हा ऑइल कूलर. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना असलेल्या आमच्या गावात गॅरेजमधल्या पोरांना तो माहीत आहे तो २००७ सालच्या पल्सर २२० मुळे.

आमच्या डॉक्टरांची गाडी त्याहून चाळीस वर्षांनी थोरली. १९६७ ची एमजीबी, दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडात अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात अशा गाड्या पाच लाखांहून अधिक निघाल्या. ती दुरुस्त करणारे चाचा मात्र जन्मभर अँबॅसिडरवर हात चालवलेले. आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयाची अँबॅसिडरही त्यांच्याकडेच असे. यात विसंगती काही नाही. अँबॅसिडरला १९५९ पासून जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं थोरलं, १७९८ सीसीचं इंजिन एमजीबीत आहे. चाचांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा ते ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले होते.

गेल्या उन्हाळ्यात दौलताबादहून खुलताबादचा घाट चढताना इंजिन ठोकू लागलं. खोललं तर एका बेअरिंगची सालं निघालेली. क्रँक घासून घेतला, नवी बेअरिंगं आली, इंजिन बांधून झालं. यात चार महिने गेले आणि पैसे किती गेले ते डॉक्टर वहिनींच्या समोर सांगत नाहीत. उरला कूलर. डॉक्टरांचा आग्रह, जुनाच लावा. गाडीबरोबर विलायतेहून आलेला आहे, कुठं फुटलेला नाही, गळत नाही. चाचा म्हणाले, नवा मागवा.

‘‘अहो चाचा, धुऊन घेऊ की.’’

धुतला. पेट्रोल ओतून, हलवून, पांढऱ्या फडक्यावर रिकामा केला. फडक्यावर चमचम उमटली, साडीवरचा जरीचा भुगा सांडावा तशी. दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा फडकं स्वच्छ. डॉक्टरांचा चेहरा खुलला. चाचांनी कूलर उलटा धरला, लाकडी मुठीनं दोन टिचक्या मारल्या आणि चौथ्यांदा पेट्रोल ओतलं. पुन्हा चमचम.

‘‘पुढं फिल्टर आहे ना?’’ डॉक्टर म्हणाले. आहे. पंपातून तेल कूलरला, तिथून फिल्टरला आणि मग बेअरिंगांना, असाच या गाडीचा रस्ता. पण सकाळी तेल थंड, घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला, की इंजिन उपाशी राहू नये म्हणून फिल्टरमधली झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढं जातं. बेअरिंगच्या चुऱ्याला तेवढी वाट पुरते.

डॉक्टर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, ‘‘चाचा, नवा यायला महिना-दीड महिना. माझे डोळे असे. मला अजून किती उन्हाळे गाडी चालवता येणार?’’

‘‘इसीलिए बोल रहा हूँ, साब,’’ चाचा म्हणाले. ‘‘जुना लावायचा तर दुसरीकडून लावून घ्या. किल्ली ही घ्या.’’

किल्ली बराच वेळ बाकावर पडून होती. जन्मभर रुग्णांना रक्ताच्या गुठळीची भीती घातलेला माणूस तो. किल्ली न उचलता ते घरी गेले. या गाडीचे बहुतेक सुटे भाग अजून इंग्लंडात बनतात, १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. त्यामुळं नवा कूलर मिळणं अवघड नव्हतं.

तो आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. चाचांनी रबरी नळ्याही नव्या घातल्या. जुन्या नळीच्या पोटातही तोच भुगा असणार. पत्र्यातून नळ्या जातात तिथं रबराच्या चकत्या बसवल्या, कारण घासून नळी फाटली तर बघता बघता चेंबर रिकामं होतं. चार बोल्ट आवळणं हे किरकोळ काम. खरी कसोटी नळ्यांच्या जोडाची. एका पान्यानं कूलरची मान धरायची, दुसऱ्यानं नट फिरवायचा. नाहीतर मऊ मान पिळवटून निघते. पोराच्या हातात एकच पाना पाहून चाचा कडाडले. वयाच्या मानानं आवाज फार मोठा आहे त्यांचा.

मग चारही प्लग काढून सेल्फ मारला. इंजिन चालू न करता नुसतं फिरवायचं, म्हणजे कोरड्या बेअरिंगांवर भार न येता तेल आधी सगळीकडे पोचतं. काटा शून्यावर. थांबले. पुन्हा सेल्फ. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या खेपेला काटा थरथरला आणि उठला. प्लग लावून इंजिन चालू केलं तेव्हा साठावर जाऊन थांबला. चाचा मात्र बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले होते, जोडांखाली कोरडी बोटं फिरवत.

पाचशे किलोमीटरनंतर त्यांनी फिल्टर उघडून त्याच फडक्याच्या स्वच्छ कोपऱ्यावर झटकला. काही पडलं नाही. ‘‘अब जाओ खुलताबाद,’’ ते म्हणाले, ‘‘लेकिन चढाव पे तीसरा गिअर.’’