बाळ जन्मलं, पण कुणाचं?

न्यू जर्सीतली माझी भाची एच-फोर व्हिसावर. २०२५च्या जानेवारीत तिला सातवा महिना होता. फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, नावांची यादी राहिली बाजूला, मी अमेरिकेची घटना वाचतेय!’’

झालं होतं असं, की २० जानेवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर आणि वडीलही नागरिक वा ग्रीनकार्डवाले नसतील, तर महिनाभरानंतर जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व नाही. त्या तारखेच्या आत सिझेरियन होईल का, असं भारतीय जोडपी डॉक्टरांना विचारताहेत, अशा बातम्या आल्या. अंगावर काटाच आला हो वाचून! सुदैवाने न्यायालयांनी आदेश रोखला आणि भाचीची लेक मार्चमध्ये, तिच्या वेळेलाच, आली.

वाद आहे १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या शब्दांचा. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी झालेली ही दुरुस्ती म्हणते, अमेरिकेत जन्मलेली आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेली व्यक्ती नागरिक. आता अधीन म्हणजे काय? आदेशवाले म्हणतात, पुरती निष्ठा हवी. मला विचाराल तर, जिच्यावर तिथला कायदा चालतो ती अधीन. परदेशी राजदूतावर तो चालत नाही, म्हणून त्याची मुलं वगळलेली. आमची भाची मात्र सिग्नल तोडला तर मुकाट दंड भरते.

सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी. आईवडील चिनी, त्यांना तर कायद्याने नागरिक होताच येत नसे. १८९५मध्ये चीनहून परतताना त्याला बंदरातच अडवलं. तो लढला आणि १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला नागरिक ठरवलं. गंमत बघा, त्याच न्यायालयाने १८८४मध्ये जॉन एल्क या मूळ रहिवाशाला मात्र, टोळीत जन्मला म्हणून, नाकारलं होतं. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.

आपण तरी कशाला नाकं मुरडायची? आपल्याकडेही पूर्वी नुसता जन्म पुरे. १ जुलै १९८७पासून आई किंवा वडील भारतीय हवेत, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४पासून दोघंही, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आणि परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीयत्व मिळे, ते १९९२च्या डिसेंबरपर्यंत फक्त वडिलांकडून. आई भारतीय असून भागत नसे.