अमेरिकेत कैद्यांनी दळला शेतकऱ्यांसाठी चुना. जमीन सुधारली, पण स्वस्ताईची किंमत कोणी मोजली?

चुना म्हटला की आपल्याला तीन गोष्टी आठवतात. पानाची डबी, घराच्या भिंती आणि सुपारीवर फवारायचं बोर्डो मिश्रण. पण जगात अनेक ठिकाणी चुना शेतात टनावारी टाकला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तर सरकारने हा चुना चक्क तुरुंगात तयार करायला घेतला. कैद्यांनी खाणीतून दगड काढायचा, तो यंत्रात दळायचा आणि रेल्वेने शेतकऱ्यांकडे पाठवायचा. भाव टनाला एका डॉलरपेक्षाही कमी!

शेतकऱ्याचा फायदा झाला यात शंका नाही. पण हा चुना इतका स्वस्त कसा पडला, याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आणि कोकणासारख्या जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांसाठी त्यात शेतीचा धडाही आहे.

जमीन आंबट होते म्हणजे काय?

पाऊस जास्त पडला की मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली झिरपून जातं. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की जमीन आम्लधर्मी होते. शेतकरी तिला आंबट जमीन म्हणतात. हे मोजायचं माप म्हणजे सामू. सामू ७ असेल तर जमीन मध्यम, त्याखाली आंबट आणि वर गेला तर विम्ल, म्हणजे खारवट-चोपणकडे झुकणारी.

सामू फार खाली गेला की दोन अडचणी येतात. एक, स्फुरद खत टाकलं तरी ते मातीतल्या लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, पिकाला मिळत नाही. दुसरी, कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पकडणारे जिवाणू नीट काम करत नाहीत. म्हणजे पैसे खतावर जातात आणि पीक तसंच पिवळट राहतं.

चुनखडीची भुकटी मातीत मिसळली की हा आंबटपणा कमी होतो. खत जसं पिकाला खाऊ घालतं तसा चुना घालत नाही. तो आधी जमीन दुरुस्त करतो, मग टाकलेलं खत लागू पडतं.

हॉपकिन्स यांचा आग्रह

इलिनॉय राज्यात दोन प्रकारच्या जमिनी. उत्तरेकडे काळी, कसदार. दक्षिणेकडे मात्र राखाडी, धुपून गेलेली आणि आंबट. तिथल्या शेतकऱ्यांचा मुख्य प्रश्न होता क्लोव्हर उगवत नाही हा. क्लोव्हर हे आपल्या घेवड्या-चवळीच्या कुळातलं चाऱ्याचं पीक. ते जमिनीला नत्र देतं. ते गेलं की पुढच्या गव्हा-मक्याचंही उत्पन्न घसरतं.

इलिनॉय विद्यापीठातले माती शास्त्रज्ञ सिरिल हॉपकिन्स यांनी यावर साधा उपाय सांगितला. आधी चुनखडी टाका, मग दळलेला स्फुरदयुक्त खडक टाका आणि फेरपालटात शेंगवर्गीय पीक घ्या. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. १९०३ मध्ये त्यांनी दक्षिण इलिनॉयमध्ये मुद्दाम पडीक, नापीक समजली जाणारी जमीन घेतली आणि तिचं नावच ठेवलं ‘पुअरलँड फार्म’, म्हणजे गरीब जमिनीचं शेत. लोकांनी डोळ्यांनी बघावं, हा हेतू. १९१० मध्ये त्यांचं जमिनीच्या सुपीकतेवरचं मोठं पुस्तकही आलं.

त्यांचा आणखी एक मुद्दा महत्त्वाचा. चुना भट्टीत भाजायची गरज नाही, असं ते सांगत. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो. वजन कमी होतं, जोर वाढतो, पण सरपण किंवा कोळसा लागतो आणि तो चुना हाताळायला दाहक असतो. नुसता दगड दळला तर खर्च फक्त फोडण्याचा, दळण्याचा आणि वाहतुकीचा. मात्र एकरी २ टन किंवा त्याहून जास्त लागायचा. तिकडचा टन साधारण ९०७ किलोचा. म्हणजे आपल्या मापात गुंठ्याला जवळपास ४५ किलो. एवढा माल स्वस्तात आणायचा कुठून, हाच खरा प्रश्न होता.

कैदीच का?

उत्तर मिसिसिपी नदीच्या काठी सापडलं. चेस्टर गावाजवळ मेनार्ड इथे १८७८ पासून राज्याचा तुरुंग आहे. तुरुंगाच्या पाठीशीच चुनखडीचा डोंगर. कैदी तिथे आधीपासून दगड फोडतच होते. त्यात दळण्याची यंत्रं बसवली की काम सुरू.

दुसरं कारण राजकारणाचं होतं. त्याआधी अमेरिकेत कैदी खासगी ठेकेदारांना कामाला दिले जात. तुरुंगात बूट, खुर्च्या, पिंपं तयार होऊन बाजारात स्वस्तात विकली जात. बाहेरचे कामगार आणि कारखानदार दोघेही चिडले. आमच्या पोटावर पाय येतो, ही त्यांची तक्रार. इलिनॉयने १८८६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून कैद्यांचे श्रम ठेक्याने देणं बंद केलं. मग कैद्यांना काम तर द्यायचं, पण कोणाचा रोष ओढवायचा नाही, अशी सरकारची कोंडी झाली. चुना त्यात बरोबर बसला. कसब लागत नाही, गिऱ्हाईक शेतकरी आणि शेतकऱ्याची मतं भरपूर.

हा विचार एकट्या इलिनॉयचा नव्हता. व्हर्जिनिया आणि ओरेगन राज्यांनीही कैद्यांच्या श्रमातून शेतीचा चुना तयार करून बघितला.

भाव कमी, भाडं जास्त

तुरुंगाच्या दारात माल स्वस्त असला तरी तो शेतात पोहोचेपर्यंत गणित बदलायचं. चुना सुटा, रेल्वेच्या वाघिणीत भरून यायचा. चार-दोन पोती मागवून परवडायचं नाही, आख्खी वाघीण घ्यावी लागायची. एकट्याला ती झेपत नसेल तर शेजाऱ्यांनी मिळून मागवायची. स्टेशनवर फावड्याने उतरवायची, घोडागाडीत भरायची, शेतात पसरायची. ज्याचं गाव लांब, त्याला चुन्यापेक्षा भाडंच जास्त पडायचं.

म्हणून फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. रेल्वे जवळ असलेला, शेजाऱ्यांशी पटणारा आणि एका वेळी रक्कम घालू शकणारा शेतकरी पुढे गेला. आजही खताच्या, बियाण्याच्या योजना बघा. अनुदान कागदावर सगळ्यांना असतं, पण गोदामापासून बांधापर्यंतचा खर्च ज्याला झेपतो त्यालाच ते खरं मिळतं.

पुढे खासगी खाणी वाढल्या, ट्रक आले आणि १९३६ नंतर केंद्र सरकारच्या मृदसंधारण कार्यक्रमातून चुना टाकणाऱ्या शेतकऱ्यांना थेट मदत मिळू लागली. चुना स्वस्त करायला कैद्याचाच घाम लागतो असं नाही, हे त्यातून दिसलं. जमीन सुधारणं हे सगळ्या समाजाचं काम असेल, तर खर्च सरकारी तिजोरीतून करता येतो.

घाम कोणाचा?

अमेरिकेत १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण त्यात एक फट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम करून घ्यायला मुभा राहिली. त्याच आधारावर तिकडचे तुरुंग चालत. बाहेरच्या मजुराला द्यावा लागणारा रोज इथे द्यावा लागत नव्हता. म्हणजे टनामागचा भाव कमी दिसायचा, कारण एक खर्च हिशेबात धरलेलाच नसायचा.

याचा अर्थ कैद्याने कामच करू नये असा नाही. कोठडीत रिकामं बसण्यापेक्षा काम बरं, असं अनेक कैदीच सांगतील. प्रश्न मोबदल्याचा आहे.

आपल्या राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम करून घेता येतं, पण त्याला वाजवी मजुरी दिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याने नुकसान झालेल्या कुटुंबासाठी बाजूला ठेवावा, ही दिशाही त्याच निकालाने दिली.

शेती आणि कैदी यांचं नातं महाराष्ट्रालाही नवीन नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ मध्ये औंध संस्थानाने वसवलं. तिथे कैदी उंच भिंतींशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. पैठणच्या खुल्या कारागृहातही कैदी शेती करतात. मेनार्डमध्ये डोंगर फोडून माल काढणं हा हेतू होता, स्वतंत्रपुरात माणूस परत उभा करणं हा. दोन्हीकडे कष्ट आहेत, पण फरक मोठा आहे.

मग आपण चुना टाकावा का?

हे वाचून लगेच दुकानात जाऊ नका. आधी खालच्या गोष्टी बघा.

• माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू लिहिलेला असतो. तो बघितल्याशिवाय चुना नको.

• देशावरच्या काळ्या जमिनीत बहुतेक ठिकाणी चुनखडी आधीच भरपूर आहे. तिथे आणखी चुना टाकला तर लोह, जस्त कमी पडून उसावर केवडा पडतो. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, चुना नाही.

• कोकणातली जांभ्याची माती मात्र आंबट असते. तिथे चुन्याचा विचार करता येतो.

• भातखाचरात पाणी साचलं की काही आठवड्यांत सामू आपोआप वर सरकतो. त्यामुळे चुन्याचा जास्त उपयोग भातापेक्षा भुईमूग, चवळी, वाल आणि भाजीपाल्याला होतो.

• बोर्डोसाठी लागणारा कळीचा चुना आणि शेतात टाकायची चुनखडीची भुकटी यांत गोंधळ करू नका. कळीचा चुना त्वचा आणि डोळ्यांना भाजतो. भुकटी जितकी बारीक तितकी लवकर लागू पडते.

• चुना पेरणीच्या आधी काही आठवडे टाकून मातीत मिसळा. युरिया किंवा शेणखताबरोबर एकाच वेळी टाकू नका, नत्र वायू होऊन उडून जातो.

• इलिनॉयचं एकरी प्रमाण तिकडच्या मातीचं आहे. आपलं प्रमाण माती परीक्षणाच्या अहवालावर, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा तुमच्या कृषी सहायकाच्या सल्ल्याने ठरवा.

उन्हाळ्यात शेत मोकळं झालं की मातीचा नमुना द्यायची चांगली वेळ असते. चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र नमुने दिले आणि गरज निघाल्यास माल एकत्र मागवला, तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो. वाघीण वाटून घेणाऱ्या इलिनॉयच्या शेजाऱ्यांनीही हेच केलं होतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच. दगड फोडणाऱ्याचा रोज बुडवून आलेली स्वस्ताई घ्यायची गरज नाही.