ताडपत्री : कालची आणि आजची

आश्विन महिना लागला कीं सेनगांव तालुक्यांतील शेताशेतांतून कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या दिसूं लागतात. पेरणीपासून कापणीपर्यंतचे सारे श्रम त्या ढिगांत सांठलेले असतात. अशा वेळीं रात्रीं परतीच्या पावसाची एक मोठी सर आली, तर शेंगा भिजतात, दाणा डागी होतो आणि बाजारांत भाव उतरतो. या संकटाच्या आड जी साधी वस्तु उभी राहते, ती ताडपत्री होय.

हिच्या नांवांत ताड असला, तरी अंगांत ताडाचें पान नाहीं. इंग्रजींत हिला टारपॉलिन म्हणतात. टार म्हणजे डांबर. पूर्वीं गलबतांवरील खलाशी जाड कापडास डांबर फांसून त्यानें माल झांकीत. आपल्याकडे माणसें घोंगड्याची खोळ घेत, कोंकणांत इरलें वापरीत. पुढें मेण चढविलेलें जाड सुती कापड आलें. तें टिकाऊ खरें, पण फार जड. आणि ओलें तसेंच घडी करून ठेवलें तर कुजे.

इ. स. १९३३ मध्यें इंग्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांस प्रयोग करतांना अनपेक्षितपणें पॉलिथीन हा पदार्थ सांपडला. आजची ताडपत्री बहुधा त्याचीच असते. त्याच्या अरुंद पट्ट्या विणून दोन्ही बाजूंस पातळ थर देतात. एका चौरस मीटरचें वजन किती ग्रॅम, यावरून तिचा जाडपणा ओळखतात. तिच्यावर हळद वाळते, सोयाबीनची रास होते. ऊसतोड मजुरांच्या कोपीवरही तीच असते, आणि तिच्याखालीं कित्येक मुलांचीं पुस्तकें कोरडीं राहतात.

तथापि नव्या वस्तूचे दोषही जाणले पाहिजेत. हिच्यांतून हवा खेळत नाहीं. सुडींतील ओल वाफ होऊन वर चढते, आंतल्या बाजूस थेंब होऊन पुन्हां शेंगांवर गळते व बुरशी धरते. म्हणून पाऊस उघडतांच ताडपत्री काढून सुडीस वारा द्यावा. उन्हांतील अतिनील किरणांनीं ती ठिसूळ होते. मग तिचे तुकडे मातींत मिसळतात आणि वर्षानुवर्षें कुजत नाहींत. काम संपतांच ती पुसून, वाळवून सावलींत ठेवावी. फाटल्यास जाळूं नये, कारण तो धूर अपायकारक असतो.

विद्यार्थी मित्रांनो, ढग दिसतांच वडिलांच्या हांकेसरशीं ताडपत्रीचें दुसरें टोंक धरावयास धांवा. त्या सुडींत तुमच्या वर्षाचीं पुस्तकेंही आहेत.