बर्फातली वैरण

१८८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मोंटाना प्रांतात हेलेना गावच्या लुइस कॉफमन या मालकानं आपल्या गुरांची खबर विचारली. पाचेक हजारांचा कळप दूर ज्युडिथ खोऱ्यात मोकळा सोडलेला होता. तिथला कारभार पाहणारा जेसी फेल्प्स उत्तर लिहायला बसला. जवळच बसलेल्या एका तरुण गुराख्यानं हातात आलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जलरंगात एक जनावर रंगवलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, मान खाली गेलेली, पाय बर्फात, आणि ते कधी कोसळतंय याची वाट पाहणारे लांडगे. फेल्प्सनं चित्र पाहिलं आणि ठरवलं, आता पत्राची गरज नाही. तो गुराखी म्हणजे पुढे नावारूपाला आलेला चित्रकार चार्ल्स रसेल.

थंडीत गुरांना चारायचं कसं, या प्रश्नाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात या पुठ्ठ्यापासूनच करावी लागते.

त्याआधी मोंटाना, वायोमिंग, डाकोटा या पट्ट्यात मांसासाठी पाळलेली गुरं बाराही महिने उघड्या माळावर असत. सरकारी जमीन, फुकटचं गवत, कुंपण नाही, गोठा नाही. माळावरचं वाळलेलं गवत हिवाळ्यातही पोषक राहतं, हे खरंच होतं. पाच-सहा सौम्य हिवाळे त्यावर निभावलेही. मग पूर्वेकडून आणि इंग्लंड-स्कॉटलंडमधून पैसा आला आणि माळाला सोसेनात इतकी गुरं त्यावर ओतली गेली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, जनावरं थंडीच्या तोंडावरच रोडावली. नोव्हेंबरपासून बर्फ पडू लागलं. मध्येच जरा ऊब आली, वरचा थर वितळला आणि पुन्हा गोठून त्याचा कडक पापुद्रा झाला. घोडा पुढच्या खुरानं बर्फ उकरतो. गाय तोंडानं ढकलून पाहते. पापुद्र्यापुढे तिचं काही चाललं नाही. गवत वीतभर खाली होतं आणि गुरं त्याच्यावर उभी राहून उपाशी मेली. जानेवारीत पारा उणे ४० अंशांच्या खाली गेला.

वसंतात गुरं हुडकून गोळा करण्याच्या मोहिमेला काउबॉय ‘राउंडअप’ म्हणत. त्या साली तिला ‘डाय-अप’ हे नाव पडलं. थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचा डाकोटातला निम्म्याहून अधिक कळप गेला. वायोमिंगच्या बड्या स्वान कंपनीचं दिवाळं वाजलं. ग्रॅनव्हिल स्टुअर्ट हा मोंटानातला जुना, जाणता पशुपालक. ज्याला चारा आणि आसरा देता येणार नाही असं जनावर पुन्हा आपल्या मालकीचं नको, असं त्यानं पुढे आठवणींत नोंदवलं. त्याच्या या कबुलीला मोल आहे. कारण त्या हिवाळ्यात फक्त थंडीलाच दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं.

यानंतर माळावरचा माणूस गवत कापायला शिकला. १८८० ते १९०० या वीस वर्षांत मोंटानात कापणीच्या गवताखालचं क्षेत्र दहापटीहून जास्त वाढलं. शे-दोनशे गुरांचा लहान शेतकरी इथेच पुढे आला. ओढ्याकाठी गवताचं रान, उन्हाळाभर कापणी, हिवाळाभर वाटप. जितकं गवत गंजीला, तितकीच गुरं दावणीला, हा हिशोब पक्का झाला.

मोंटानातल्याच बिग होल खोऱ्यात, सहा हजार फुटांवर, हर्बर्ट आर्मिटेज आणि डेव्हिड स्टीव्हन्स या दोघांनी गंज रचायचं एक लाकडी साधन बनवलं. १९१० मध्ये त्याचं पेटंट झालं. परगण्याच्या नावावरून त्याला ‘बीव्हरस्लाइड’ म्हणू लागले. पाइनच्या सोटांची उभी घसरगुंडी, साधारण तीस फूट उंच. पायथ्याशी पाटीत गवत भरायचं. दोरखंड आणि कप्प्यांच्या आधारे घोड्यांची जोडी ती पाटी वर ओढायची आणि माथ्यावरून गवत धबाधब खाली. खाली उभी माणसं काट्यांनी ते पसरून कडा बसवत जायची. डोक्यावर गोलावा धरला की पाणी आत मुरत नाही आणि आतलं गवत दोन-तीन वर्षंही हिरवट राहतं. आपल्याकडे कडब्याची गंज रचताना जी नजर लागते, तीच ही. फरक ऋतूचा. आपली गंज उन्हाळ्यासाठी राखायची, त्यांची बर्फासाठी.

पण गंज असून भागत नाही, तिच्यापर्यंत पोचावंही लागतं. १९४९ च्या जानेवारीत नेब्रास्का, डाकोटा, वायोमिंगवर एकामागून एक हिमवादळं आली. चारा होता, वाटा नव्हत्या. अखेर वायुदलाच्या विमानांतून गवताचे गठ्ठे अडकलेल्या जनावरांजवळ टाकले गेले आणि लष्करानं बुलडोझर लावून चाळीसेक लाख गुरामेंढरांना चाऱ्याची वाट मोकळी करून दिली. तेव्हापासून शहाणा शेतकरी हिवाळ्याचा चारा गुरांच्या जवळ, वाऱ्याच्या आडोशाला ठेवतो. पुढे १९७० च्या दशकात मोठ्या गोल गठ्ठ्यांचं यंत्र आलं आणि दहा माणसांचं काम एका ट्रॅक्टरवाल्याच्या हाती आलं.

या काळात पोटातलं गणितही उलगडलं. गायीचा पहिला कोठा म्हणजे दीडशे लिटरच्या वरची आंबवणीची टाकी. त्यातले जंतू गवताचा चोथा कुजवतात आणि त्यातून ऊब निघते. म्हणून कडाक्याच्या थंडीत एकदम धान्य ओतण्यापेक्षा गवत वाढवणं बरं. अचानक वाढलेल्या धान्यानं पोटात आम्ल होऊन जनावर बसतं. दाट, कोरडी हिवाळी लव असलेली गाय उणे ८ अंशांपर्यंत जादा खुराकाविना तग धरते. त्याखाली दर अंशाला तिची ऊर्जेची गरज सुमारे दोन टक्क्यांनी चढते, आणि अंश मोजताना वाराही धरायचा. रोज बारा किलो गवत खाणाऱ्या गायीला उणे १८ ला चौदा-साडेचौदा किलो लागणार. तीच लव भिजली तर ही मर्यादा थेट १५ अंशांवर येते.

साऊथ डाकोटात ऑक्टोबर २०१३ मध्ये हेच घडलं. आधी थंड पाऊस, मग गुडघ्याच्या वर बर्फ, सोसाट्याचा वारा. गुरं उन्हाळी कुरणांवरच होती आणि अंगावर हिवाळी लव आलेली नव्हती. हजारोंनी मेली. तिथे कित्येक कुटुंबांची पिढ्यांची निवड दोन रात्रींत संपली, हे वाचताना आजही गलबलतं.

लव फसवते, ही जुनी माणसं सांगत आलेली गोष्ट. केसाळ गाय लांबून गुबगुबीत दिसते. म्हणून हातमोजा काढून बोटं लवेत खुपसायची आणि बरगडी चाचपायची. बरगडीवर चरबीचा पातळ पदर लागला तर ठीक. नुसतं हाड लागलं तर त्या गाभण गायीला वेगळं काढून चांगलं गवत घालायचं. शेवटच्या तीन महिन्यांत वासरू झपाट्यानं वाढतं आणि तेव्हाच थंडी ऐन भरात असते.

कॅनडातल्या मॅनिटोबाचा गस कोनेफाल हा असाच निरखून पाहणारा शेतकरी. गाभण गायींना सकाळी-दुपारी चारण्याऐवजी तो दुपारच्या आधी एकदा आणि रात्री उशिरा एकदा चारू लागला. बहुतेक गायी दिवसाउजेडी विऊ लागल्या. पुढे इतर ठिकाणच्या पाहण्यांतही असाच कल दिसला. आता त्या मुलखातले अनेक लहान शेतकरी विण्याच्या दिवसांत संध्याकाळीच गवत टाकतात. बिग होलमध्ये काही जण अजून त्यासाठी घसरगाडीला घोडे जुंपतात, कारण उणे तिशीत ट्रॅक्टर सुरू होईल याचा भरवसा नसतो. गाडी हळू चालते, मागून गवताचे पेंढे पडत जातात, आणि बर्फावरच्या त्या लांब ओळीला गाई एकामागून एक येऊन तोंड लावतात.