जनुके आणि श्रद्धा (लेखांक ६) : सायप्रसच्या चर्चने मागितलेला दाखला

मागच्या आठवड्यात आपण जेरोम लेजन यांची गोष्ट पाहिली. डाउन सिंड्रोममागे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, हे १९५९ मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने जगापुढे आले. ज्या मुलांना बरे करायचे म्हणून हा श्रद्धाळू कॅथलिक डॉक्टर धडपडत होता, त्याच मुलांना जन्माआधी हुडकून वगळण्यासाठी तो शोध वापरला गेला. एवढेच वाचून थांबलो तर चर्च आणि जनुकीय तपासणी यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे, असे वाटेल. म्हणून आज सायप्रसला जायचे. तिथे तपासणीचा आग्रह खुद्द चर्चनेच धरला.

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला असलेल्या या बेटावर मलेरियाने शतकानुशतके ठाण मांडले होते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची एकच सदोष प्रत ज्याच्या अंगात असते, त्याला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. असे लोक तगले आणि त्यांचा वंश वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरिया हटवला गेला, सदोष जनुक मात्र मागे राहिले. ग्रीक सायप्रियटांमध्ये साधारण सहा-सात माणसांमागे एक जण त्याचा वाहक आहे. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळेल आणि त्याच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होणार नाही.

अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. चढवलेल्या रक्तातले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते हृदयात आणि यकृतात साठत जाते. ते काढणारे औषध १९७०च्या दशकात सुईवाटेच द्यावे लागे. झोपण्यापूर्वी पोटाच्या कातडीखाली बारीक सुई टोचायची, तिला छोटा पंप जोडायचा आणि आठ-दहा तास औषध हळूहळू आत जाऊ द्यायचे. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री अशाच. कूस बदलताना सुई निघाली की पुन्हा टोचायची. ते मूल आणि त्याची आई यांच्यापुढे उभे राहून ज्याला नीतीविषयी बोलता येत नाही, त्याने या विषयावर बोलूच नये, असे मला मनापासून वाटते.

सायप्रसमध्ये दर दीडशे-एकशेसाठ जन्मांमागे एक मूल असे असे. उपचारांमुळे मुले जगू लागली, तशी रक्ताची आणि औषधाची गरज दरवर्षी वाढू लागली. छोट्या देशाला हा भार किती वर्षे पेलणार? सरकारने उपचार आणि प्रतिबंध एकत्र हाती घेतले. रुग्णांच्या पालकांनीच त्यासाठी पुढाकार घेतला होता. गर्भाची तपासणी करता येऊ लागली आणि त्यापाठोपाठ गर्भपाताचा प्रश्न आला.

चर्चची अडचण इथे होती. ऑर्थोडॉक्स परंपरेत गर्भपात हे पाप आहे. पण नुसते पाप म्हणून हात झटकले, तर गर्भवती स्त्री एकटी पडते. डॉक्टर आणि पालक चर्चशी बोलले आणि त्यातून वाट निघाली: प्रश्न गर्भापर्यंत येऊच द्यायचा नाही, लग्नाआधीच हाताळायचा. १९८३ पासून सायप्रसचे चर्च विवाहापूर्वी थॅलेसेमिया तपासणीचा दाखला मागू लागले. त्या काळी ग्रीक सायप्रियटांचे लग्न चर्चमध्येच होई, त्यामुळे जवळपास प्रत्येक जोडपे तपासले गेले.

या दाखल्याकडे नीट पाहायला हवे. तपासणी झाली आणि सल्ला दिला गेला, एवढेच त्यावर असते. निकाल नसतो. कोण वाहक आहे, हे धर्मगुरूला दाखल्यावरून कळत नाही आणि दोघेही वाहक निघाले म्हणून चर्च लग्न नाकारत नाही. जाणून घेणे बंधनकारक, पण पुढचा निर्णय त्या दोघांचा. मला यात फार मोठा विवेक दिसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सुप्रजननाच्या नावाखाली हजारोंची सक्तीने नसबंदी झाली आणि अनेक प्रॉटेस्टंट पाळकांनी त्या चळवळीची व्यासपीठावरून भलामण केली. त्यांनीही वधूवरांची वैद्यकीय प्रमाणपत्रे मागितली होती. पण त्यामागचा हेतू ‘नालायक’ माणसे वेगळी काढण्याचा होता. सायप्रसमध्ये कुणाला नालायक ठरवलेले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला जन्मांध माणसाविषयी विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. आनुवंशिक आजारावरचा ख्रिस्ती विचार इथून सुरू व्हायला हवा. दोष कुणाचा हे शोधायचे नाही, दुःख हलके करायचे.

तरीही चर्चची अपेक्षा पुरी झाली नाही, हे लपवून चालणार नाही. दोघेही वाहक आहेत हे कळल्यावर लग्न मोडणारी जोडपी अगदी थोडी निघाली. बहुतेकांनी लग्न केले आणि गर्भाची तपासणी करून घेतली. आजारी बाळांचे जन्म जवळजवळ थांबले, त्यात गर्भपातांचा वाटा मोठा होता. चर्चने गर्भपाताला मान्यता दिली नाही, दाखला मागणेही सोडले नाही. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला वाटत नाही. आपले मत सांगून झाल्यावर माणसाच्या सद्सद्विवेकावर पहारा बसवायचा नाही, ही मर्यादा त्यात आहे.

अमेरिकेतले मेथडिस्ट विचारवंत पॉल रॅम्झी १९७० मध्ये ‘फॅब्रिकेटेड मॅन’ या पुस्तकात याहून कडक बोलले होते. प्रयोगशाळेत माणूस घडवण्याला त्यांचा ठाम विरोध होता. पण गंभीर आजार पुढच्या पिढीत जाण्याचा धोका असेल, तर मूल होऊ न देणे हे कर्तव्य ठरू शकते, असे ते मानत. सायप्रसच्या जोडप्यांना हा उपदेश जड गेला असता.

आपल्याकडे सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, तर विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल. तपासणी शिबिरे होतात. निकालाचा कागद कुणाच्या हाती पडतो आणि त्यावरून कोणत्या मुलीचे स्थळ परत जाते, याची काळजी सायप्रसइतकी आपण घेतो का?

आता आणखी एक दार उघडले आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारित उपचाराला मंजुरी दिली. यात रुग्णाच्याच रक्तपेशींच्या मूळपेशी काढून, जनुकात बदल करून परत दिल्या जातात. हा बदल त्याच्या मुलांत उतरत नाही. व्हॅटिकनने २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोनाए’ या दस्तऐवजात अशा उपचाराला तत्त्वतः हरकत नसल्याचे म्हटले होते, पण पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या बदलांना सध्याच्या स्थितीत मनाई केली होती. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. ज्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल सर्वाधिक आहे, तिथवर हा उपचार कधी पोचेल, हा प्रश्न माझ्या लेखी जनुक बदलण्याच्या प्रश्नाइतकाच नैतिक आहे.

पुढच्या आठवड्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या बदलांकडे वळू: चीनमध्ये २०१८ साली जन्मलेल्या जुळ्या मुली आणि त्यावर उठलेले वादळ.