एफ३५५ घेताय? आधी हे पाहा

फेरारीची ही गाडी १९९४ ते १९९९ या काळात मारानेल्लोत बनली. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ८५०० आरपीएमपर्यंतचा तो सूर! खर्चाचं मूळही त्याच इंजिनात.

टायमिंग बेल्ट इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, सीटमागच्या भिंतीला अगदी चिकटून. तिथे हात जात नाही, म्हणून बेल्ट बदलायला सबफ्रेमसकट अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. अमेरिकेत या एका कामाचं बिल हजारो डॉलरचं. तरीही गाडी कमी चालली म्हणून ते पुढे ढकलू नका. बेल्ट उभ्या गाडीतही जुना होतो, आणि तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

सुरुवातीच्या गाड्यांतले ब्राँझचे व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजतात. ते बदलायचे तर बिल सहज पाच आकडी डॉलरवर जातं. सौदा करण्याआधी लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून किती हवा गळते ते पाहणारी तपासणी, कराच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पातळ नळ्या उष्णतेने तडकतात. तडा उष्णतारोधक आवरणाखाली लपतो, पण इंजिन थंड असताना सुरू केलं की टिक-टिक ऐकू येते. ती कान देऊन ऐका. एफ-१, म्हणजे पॅडलने गिअर बदलणारा, गिअरबॉक्स असेल, तर त्याचा हायड्रॉलिक पंपही तपासून घ्या.

आत बसल्यावर काचेचं बटण दाबून पाहा. बोटाला काळा चिकटा लागला, तर प्लास्टिकवरचा मुलामा विरघळतोय. तो काढून टाकायचं काम मात्र स्वस्तातलं.